आदरणीय पुंडलिकबुवा

माझे वडील वयाच्या बासष्टाव्या वर्षी भजन शिकायला क्लासला जाऊ लागले. यातली गंमत कळायची तर त्यांची ओळख सांगायला हवी. भालचंद्र धुरी, म्हणजे भालूबुवा. कुडाळ तालुक्यात डबलबारीचा विषय निघाला की दोनच नावं घेतली जायची. एक भालूबुवा धुरी, दुसरे पुंडलिकबुवा मेस्त्री. तिसरं नाव सांगायला लोकांना डोकं खाजवावं लागे.

ज्यांनी डबलबारी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. देवळाच्या मांडवात दोन भजनी बुवा आपापली पेटी घेऊन समोरासमोर बसतात. प्रत्येकाच्या मागे झांजा वाजवणारा कोरस, बाजूला पखवाज. सुरुवातीला सगळं रीतसर होतं, देवाचं नाव, अभंग, गौळण. मग गजर सुरू झाला की देव थोडा बाजूला सरकून बसतो आणि दोघे बुवा गात गात एकमेकांची सालं काढतात. एकाने टोमणा मारायचा, दुसऱ्याने तो त्याच तालात व्याजासकट परत करायचा. मांडवातले निम्मे लोक ह्याचे, निम्मे त्याचे. कोण जिंकलं ते कधीच ठरत नाही, आणि त्यावरून पुढचा आठवडा गावात सुखाने भांडता येतं.

पुंडलिकबुवा, म्हणजे आमचे पुंडीकाका, पेशाने सुतार. मांडवात ते माझ्या वडिलांचे जन्माचे वैरी. रोज सकाळी मात्र आमच्याच ओटीवर बसून चहा प्यायचे आणि चहात साखर कमी आहे म्हणून आईला ऐकवायचे. मला कडेवर घेऊन जत्रेत फिरवलं ते ह्याच वैऱ्याने.

मी राज्याच्या कला-अनुदान मंडळात तंत्रज्ञ आहे. पूर्वी कलावंतांना अनुदान कसं मिळायचं ते जुन्या लोकांना विचारा. एक समिती असायची. समितीत कुणाचा तरी मामा असायचा, ज्याचा मामा नसेल त्याने आमदाराच्या बंगल्याबाहेर चपला झिजवायच्या. मग रसदर्शी यंत्र आलं. यंत्राला मामा नसतो, म्हणून सगळ्यांनी त्याचं स्वागत केलं. मीही केलं. अजूनही त्याबद्दल मला वाईट बोलवत नाही.

यंत्राचं शास्त्र तसं सोपं आहे. हृदयाचा प्रत्येक ठोका छातीला केसाच्या जाडीएवढा हलवतो. मांडवाच्या खांबांवर आम्ही चार चपट्या पेट्या लावतो. त्यातून निघालेल्या बारीक रेडिओलहरी माणसांच्या छातीवर आपटून परत येतात आणि ती हालचाल टिपतात. अंगाला तार नाही, पट्टा नाही, कुणाला काही कळतही नाही. पडद्यावर प्रत्येक श्रोत्याचा एक ठिपका दिसतो. हृदय वेग घेऊ लागलं की ठिपका लाल होत वर सरकतो, मंदावलं की निळा होत खाली जातो.

आता खरी गोष्ट. माणसं एकच कथा मन लावून ऐकत असली, तर ती एकमेकांना ओळखत नसली तरी त्यांची हृदयं एकाच वेळी वेग घेतात आणि एकाच वेळी मंदावतात. कंटाळलेल्या माणसाचं हृदय आपल्याच नादात चालतं. म्हणून यंत्र प्रत्येक दोन श्रोत्यांची जुळणी तपासतं आणि सगळ्यांची मिळून सरासरी काढतं. तो रसांक. लोकांनी त्याला आपलं नाव दिलं, धडधड. "आमची धडधड सत्तर आली, तुमची किती?" असं नाटकवाले एकमेकांना विचारू लागले. साठच्या वर धडधड आली तर अनुदान. एका कलेसाठी एका तालुक्यात एकच संस्था, आणि लागोपाठ दोन वर्षं साठ कुणालाच जमले नाहीत तर तालुक्याची ती अनुदानाची जागा रद्द.

पुढे काय झालं असेल ते सांगायची गरज नाही. कुठल्या जागी सगळ्यांची हृदयं एकदम हलतात ते मंडळींनी दोन वर्षांत शोधून काढलं. सीमेवरून परत आलेली शवपेटी, तिच्यावर पडणारी आई, मग सगळीकडे शांतता, मग एकदम ढोल. संगीत नाटकात आई, पोवाड्यात आई, लहान मुलांच्या नाटकात ससा मेला आणि सशाची आई. एकाच हंगामात मी इतक्या आया रडताना पाहिल्या की घरी आईने हाक मारली तरी मला दचकायला व्हायचं. आणि प्रत्येक वेळी आकडा साठच्या वर, अगदी प्रामाणिकपणे.

कणकवलीला ह्याचे क्लास निघाले. 'हमखास धडधड' अशी पाटीच होती. चालवणारे अनिकेत नाईकधुरे पूर्वी टीव्हीवर मालिका करायचे. त्यांची शिकवण तीन शब्दांची, माता, माती आणि मरण. बाबा त्यांच्याकडे गेले, कारण आदल्या वर्षी दोन्ही बुवांच्या डबलबारीची धडधड बारा आली होती. अख्खा मांडव उड्या मारत होता, आणि आकडा बारा! मोजणी माझ्या सहकाऱ्याने केली होती, पण यंत्र बिघडलं असेल म्हणून नंतर मी ते दोनदा तपासलं. बिघडलं नव्हतं. ह्या वर्षीही तसंच झालं असतं तर जागा गेली असती. देवस्थानांकडे पूर्वीसारखी बिदागी राहिली नव्हती. कोरसमधली पोरं गोव्याला नोकरीला जायच्या गोष्टी करत होती. कोरस गेला की बुवा संपला.

"दोघांतल्या कोणाकय मिळांदे," पुंडीकाका म्हणाले होते. "वाटून खावया. तू क्लासाक जा, माका काय त्या सायबाचा आयकवणा नाय."

तेव्हा दोघेही हसले होते. पैशावरून ह्यांचं वाकडं येणार नव्हतं, एवढी खात्री मला होती. वाकडं आलं ते दुसऱ्याच गोष्टीवरून.

क्लासमध्ये नाईकधुऱ्यांनी बाबांना सांगितलं, "बुवा, टोमणे बंद. टोमणा मारलात की निम्मे लोक खूश, निम्मे नाराज. जुळणी तिथेच फुटते. समोरच्याला मान द्या. मानाने सगळे एकत्र येतात."

आकडेवारीच्या दृष्टीने ते बरोबर होतं. म्हणून मीही गप्प बसले.

त्यानंतर शेजारच्या गावात जत्रेची बारी होती. मी यंत्राविना, नुसती ऐकायला गेले होते. गजराची वेळ आली. पुंडीकाकांनी बाबांच्या टकलावर एक कडवं टाकलं आणि पेटीवरचा हात उचलून वाट बघत बसले. बाबांचा कोरस पुढे झुकला. बाबांनी हात जोडले आणि शुद्ध, गुळगुळीत मराठीत म्हणाले, "माझे परममित्र, आदरणीय पुंडलिकबुवा मेस्त्री यांच्या कलेला मी विनम्र अभिवादन करतो."

मांडवात कुणाला काय करावं सुचेना. एका म्हाताऱ्याने चुकून टाळी वाजवली. पुंडीकाकांनी पुन्हा एक टोमणा टाकला, ह्या वेळी जरा झोंबणारा. बाबांनी पुन्हा त्यांच्या सुरेल गळ्याची स्तुती केली. तिसऱ्यांदा पुंडीकाकांनी काहीच टाकलं नाही. त्यांनी आरती उरकली, पेटीचा भाता बांधला आणि माझ्याशी न बोलता निघून गेले.

दुसऱ्या दिवशी ते चहाला आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. आईने मला त्यांच्या शेडवर पाठवलं. ते दाराची चौकट घाशीत होते. मला बघून रंधा थांबवला नाही.

"काका, बाबांचं काय चुकलं? स्तुतीच केली ना त्यांनी?"

"बाये, आदरणीय कोणाक म्हणतत?"

"मोठ्या माणसाला."

"मेल्यार म्हणतत. शोकसभेत." त्यांनी रंधा खाली ठेवला. "चाळीस वर्सा ह्यो माका उभो आडवो सोलता. म्हणजे चाळीस वर्सा माझ्यार लक्ष ठेवन आसा. माझो सूर खय घसारलो, माझी चाल खयसून चोरलेली, सगळा तेका म्हायत. आता हात जोडल्यान! म्हणजे माझ्यात टोमणो मारण्यासारख्या कायच उरला नाय? बापाशीक सांग, माका आदर नको."

मी घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. बाबा ओटीवर पेटी पुसत होते.

"माका काय हौस आसा?" ते म्हणाले. "जागा गेली तर तो खय गातलो, आनी मी खय गातलंय? एकदा साठ येवंदे. मगे तेच्या पायार डोक्या ठेवतंय."

"आणि तोवर?"

"तोवर तो आदरणीय."

मला तेव्हा पहिल्यांदा भीती वाटली. अनुदान मिळेल आणि डबलबारी जाईल, अशी. एकट्या बुवाने करायची ती डबलबारी कसली!

मोजणीचा दिवस ठरला. डबलबारी रात्रीची, पण मंडळाची वेळ दुपारी चारची. सातेरीदेवीच्या मांडवात उन्हात लोक जमले, बायका घामाने भिजलेल्या, पोरं आइस्क्रीम खात. नातेवाइकाच्या मोजणीला तंत्रज्ञ बदलायचा नियम आहे. पण जिल्ह्यात आम्ही दोघेच, आणि दुसरा बाळंत बायकोसाठी रजेवर. मग माझ्यावर लक्ष ठेवायला मंडळाने थेट डॉ. यामिनी खरे यांनाच पाठवलं. रसांकाचं सूत्र बाईंनीच बांधलेलं. डबलबारी त्या पहिल्यांदाच पाहत होत्या. त्यांना पंख्याखाली खुर्ची दिली. त्या मला हसून म्हणाल्या, "मी तटस्थ आहे, काळजी करू नकोस."

बाबांची बारी आधी होती. त्यांनी क्लासचं गाणं घेतलं. जवानाची आई अंगणात पणती लावते आणि दारात गाडी थांबते. बाबांचा गळा मुळात चांगला, त्यामुळे पणती विझेपर्यंत मांडवात पदर डोळ्यांना लागले. सगळ्यांना दिसेल असा मांडवात टांगलेल्या फलकावर आकडा चढत चढत त्रेसष्टवर गेला. कोरसमधल्या पोरांनी एकमेकांना कोपर मारलं. आता शेवटपर्यंत तो साठच्या खाली येऊ द्यायचा नाही, एवढंच काम उरलं होतं.

मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. बाबा गात होते, पण ते गाणं कुणीही गायलं असतं.

पुंडीकाकांनी आपल्या पखवाजवाल्याला काहीतरी सांगितलं. त्याने सावकाश, जड हाताने ताल धरला, प्रेतयात्रेसारखा. पुंडीकाकांनी बाबांकडे बघून हात जोडले, पुष्पहार घातल्यासारखी खूण केली आणि गजर धरला.

"साठीत भालू क्लासाक गेलो,
पयलो नंबर घेवन इलो,
गळो मातर थयच इसारलो,
आदरणीय झालो नि मेलो!"

मांडव फुटला. पुंडीकाकांची माणसं उठून नाचायला लागली. आमची माणसं श्वास रोखून बाबांकडे बघू लागली. फलकावरचा आकडा एकसष्टवर आला.

बाबांनी फलकाकडे पाहिलं. मग कोरसमधल्या पोरांकडे. हात जोडून दोन गोड शब्द बोलले असते तर सगळं त्यांचं होतं. त्यांनी हात जोडायला उचललेही. समोर पुंडीकाका बसले होते, आणि त्यांचे डोळे भरलेले होते. मी लांबून पाहिलं ते. बाबांनी जवळून पाहिलं. त्यांचे हात पेटीवर आदळले.

"मेलंय म्हणतस, बरा झाला,
तिरडी मातर मेस्त्र्याची नको!
अर्ध्या वाटेर खिळो सुटात,
मड्याक चालाची पाळी नको!"

पुढे काय झालं ते मला सलग सांगता येणार नाही. पुंडीकाका पेटीवर डोकं टेकून हसत होते, हसता हसताच पुढचं कडवं बांधत होते. बाबांनी त्यांच्या सुतारकीवरून सुरुवात केली आणि त्यांच्या सासुरवाडीपर्यंत गेले. काकांनी आमच्या चहातली साखर काढली. आई पहिल्या रांगेत होती, ती तोंडाला पदर लावून बसली. आकडा चाळीस, पंचवीस, चौदा असा गडगडत नऊवर येऊन थांबला. कोरसमधल्या पोरांनी फलकाकडे बघायचं सोडून दिलं होतं.

मी पडद्याकडे बघत होते, ते माझं कामच होतं. टोमणा पडला की निम्मे ठिपके लाल होऊन वर उसळायचे आणि निम्मे निळे होऊन खाली जायचे. उलट टोमणा आला की नेमकी अदलाबदल. माझी नजर तिथून हलत नव्हती.

बारी संपल्यावर खरेबाई माझ्याजवळ आल्या. "वाईट वाटलं मला. तुझे वडील पास झालेले होते."

"हो."

"का केलं असं त्यांनी?"

"मॅडम, ते नंतर सांगते. आधी हे बघा." मी नोंद मागे नेऊन पडदा त्यांच्याकडे वळवला. "आकडा नऊ म्हणतोय, म्हणजे कुणाचं लक्ष नव्हतं. पण ह्यात आपल्याच नादात चाललेला एक तरी ठिपका दाखवा मला."

त्यांनी चष्मा वर केला. ठिपके वर गेले, खाली आले, पुन्हा वर. त्या पुटपुटायला लागल्या. "ज्याच्या माणसाला टोमणा बसला तो दबा धरून ऐकतो. पुढे काय, म्हणून. दबा धरला की हृदय मंदावतं. मारणाऱ्याच्या बाजूचा उसळतो... एक अधिक, एक उणे." त्या थांबल्या. "आणि मी बेरीज करत्ये!"

"विहिरीच्या रहाटावर दोन पोहरे असले की एक वर येतो तेव्हा दुसरा खाली जातो," मी म्हटलं. "दोघांची बेरीज केली तर शून्य. पण पाणी येतंच."

त्यांनी मान हलवली, पण चेहऱ्यावर संशय होता. साहजिकच होतं, बोलणारी भालूबुवांची मुलगी. "बाजू घेतलेले लोक असे वागतात, मान्य. पण ते भाबडे गावकरी. बाहेरचा तटस्थ माणूस..."

मी पंख्याखालच्या खुर्चीच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. तो पुंडीकाकांच्या प्रत्येक टोमण्याला लालभडक होऊन सगळ्यांच्या वर गेला होता, आणि बाबांच्या प्रत्येक टोमण्याला निळा होऊन तळाशी.

"ही कोणाची खुर्ची?" त्यांनी विचारलं. मग त्यांनाच कळलं. त्या आधी लाजल्या आणि मग इतक्या मोकळ्या हसल्या की मांडव आवरणारी माणसं वळून बघू लागली. "मी बाजू घेतली?"

"सगळेच घेतात, मॅडम. नाहीतर येतं कोण इथे?"

त्यांनी तिथेच उणे चिन्हं काढून टाकून पुन्हा हिशेब केला. कुठल्या दिशेला हललं ते बघायचं नाही, एकमेकांच्या तालावर हललं का एवढंच बघायचं. आकडा एक्याण्णव आला. इतका त्यांनी कधीच पाहिला नव्हता.

"पण द्यायचं कुणाला?" त्या म्हणाल्या. "हे एक्याण्णव एकाचे नाहीत. एकाला उठवलं तर दुसऱ्याला मोजताच येत नाही."

"मग दोघांची एकच संस्था धरा."

मंडळाने कुरकुर केली. नियम, पोटनियम, पायंडा, सगळं झालं. पण सूत्र बाईंचं होतं आणि चूक त्यांनी आपण होऊन कबूल केली होती, त्यामुळे कुणाला फार ताणता आलं नाही. आंब्याला मोहर धरायच्या आत मंजुरी आली. कोरसमधली पोरं गोव्याला गेली नाहीत. मला त्या दिवशी दोन घास जास्त गेले. आता राज्यभर हास्य-वादविवाद, सवाल-जवाब, झगड्याच्या लावण्या पुन्हा सुरू झाल्यात म्हणे. कणकवलीच्या क्लासची पाटीही बदलली आहे, 'हमखास भांडण'. नाईकधुऱ्यांना मानलं पाहिजे.

मोजणीनंतरच्या सकाळी, निकाल काय लागेल हे कुणालाच माहीत नसताना, पुंडीकाका ओटीवर येऊन बसले. आईने चहा आणला. त्यांनी घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाले, "ह्या पाण्यात पत्ती कधी पडतली?" आईचा जीव भांड्यात पडला. बाबा आतून पेटी आणता आणता हसताना मला दिसले. किती दिवसांनी!

मग दोघांनी मला मधे घेतलं.

"सुलू, खरा सांग," बाबा म्हणाले. "माझ्या बाजून किती, ह्येच्या बाजून किती?"

"निम्मे निम्मे."

"आनी तू गो?" पुंडीकाकांनी विचारलं. "तू खयच्या बाजून व्हतंस?"

दोघेही माझ्याकडे बघत राहिले. बाबा तर अगदी खात्रीने.

"यंत्र चालवणाऱ्याला यंत्र मोजत नाही," मी म्हटलं.

दोघांनी माना डोलावल्या आणि ते लगेच नवीन संस्थेला कुणाचं नाव आधी द्यायचं, ह्यावरून भांडायला लागले. अजून संस्था नव्हती, मंजुरी नव्हती, तरी.

मी खोटं बोलले होते. मोजतं यंत्र. माझा ठिपका मी मोजणीच्याच संध्याकाळी शोधला होता. 'मेलो' ह्या शब्दावर तो सगळ्या मांडवाच्या वर होता, खरेबाईंच्याही वर. माझा बाप मेला असं भर मांडवात गाणाऱ्या माणसाच्या बाजूने माझं काळीज उसळलं होतं. त्या मांडवात माझ्या जुन्या, टोमणे मारणाऱ्या बाबांची आठवण तेवढी त्यालाच येत होती.